स्पर्धा जिंकल्यावर पियानोवादकाचं काय होतं? रादू लुपूंच्या निमित्ताने एक सविस्तर उत्तर

प्रश्न एका पालकांचा आहे. मुलगी पंधरा वर्षांची, पियानोची आठवी ग्रेड नुकतीच चांगल्या गुणांनी झाली आहे आणि आता तिला कॉन्सर्ट पियानोवादकच व्हायचं आहे. शिक्षक म्हणतात, परदेशातल्या स्पर्धांच्या तयारीला लागा. उदाहरण दिलं गेलं रादू लुपूंचं: या रोमानियन वादकाने विशीत तीन मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या आणि जगभर नाव झालं. पालकांना कोडं पडलंय ते पुढच्या भागाचं. याच लुपूंनी नंतर मुलाखती टाळल्या, स्टुडिओत रेकॉर्डिंग करणं थांबवलं, तरी शेवटपर्यंत मोठमोठ्या सभागृहांत त्यांना मागणी होती. मग त्यांचं करिअर चाललं कशावर? आणि त्यातलं या मुलीच्या कामाचं किती?

मी बरीच वर्षं पियानो वाजवतो आणि शिकवतो. लुपू माझ्यासाठी नुसते आवडते वादक नाहीत, आवाज कसा काढायचा हे मी त्यांचं वादन ऐकून पुन्हा पुन्हा तपासत आलो आहे. त्यामुळे जरा लांबीने लिहितो.

आधी थेट उत्तर. स्पर्धेने लुपूंना पहिली बोलावणी मिळवून दिली. करिअर उभं राहिलं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या बोलावण्यावर. ज्या ऑर्केस्ट्रासोबत एकदा वाजवलं, तिथून दोन वर्षांनी पुन्हा फोन आला की नाही, या एकाच गोष्टीवर आमच्या धंद्यात माणूस टिकतो किंवा विरून जातो. आणि पुन्हा बोलावतात ते कशासाठी, हे लुपूंच्या बाबतीत फार स्पष्ट ऐकू येतं. ते पुढे सांगतोच, पण सुरुवात त्यांच्या शिक्षणापासून करावी लागेल, कारण सगळं तिथे आहे.

लुपूंचा जन्म ३० नोव्हेंबर १९४५चा, डॅन्यूब नदीकाठच्या गालात्स या रोमानियन बंदरातला. वडील वकील, आई भाषा शिकवणारी. सहाव्या वर्षी पियानो सुरू झाला आणि बाराव्या वर्षी पहिला जाहीर कार्यक्रम झाला. त्या कार्यक्रमात सगळ्या रचना त्या मुलाच्या स्वतःच्या होत्या! तेव्हा त्याला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना वाटत होतं की हा मोठेपणी संगीतकार होणार. पुढे काही वर्षांनी त्याने रचना करणं सोडलं, पण ती सवय हाडात मुरली होती. त्यांचं वादन ऐकताना मला कायम जाणवतं की हा माणूस पान वरून खाली वाचत नाही, ते आतून बांधत नेतो. पुढे कुठली सुरावट येणार आहे आणि आत्ताचा सूर तिकडे कसा झुकतोय, याचं भान प्रत्येक मात्रेला असतं. आपल्याकडे मुलांना हार्मनी (सुरांचे मेळ) आणि काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींची गुंफण) परीक्षेपुरतं शिकवतात आणि परीक्षा झाली की वही बंद. लुपूंनी ब्राशोव शहरात हे विषय लहानपणीच नीट घोटले होते.

मग राजधानी बुखारेस्टमध्ये शिक्षिका फ्लोरिका मुझिचेस्कू. हे नाव आपल्याकडे कुणाला फारसं ठाऊक नाही, पण विसाव्या शतकातल्या पियानोच्या इतिहासात या बाईंचं स्थान मोठं आहे. त्यांच्याकडे आधी थोर रोमानियन पियानोवादक दिनू लिपाती शिकले आणि एका पिढीनंतर रादू लुपू. एकाच शिक्षिकेच्या हाताखालून असे दोन वादक बाहेर पडतात तेव्हा तो योगायोग मानायला मी तयार नाही. बाईंची शिस्त कडक होती आणि भर एकाच गोष्टीवर होता: सूर कसा निघतो, एका सुरातून दुसरा सूर कसा उगवतो. वेग, ताकद, दिमाख यांचा नंबर त्यानंतर. लुपू चेला देलाव्रान्चा यांच्याकडेही शिकले. त्या पियानोवादक आणि लेखिका, रोमानियातल्या नामवंत साहित्यिकाची मुलगी. म्हणजे एका बाजूला कारागिरी आणि दुसऱ्या बाजूला साहित्य-कलांचं वातावरण, असं दोन्ही त्या मुलाला मिळालं.

१९६१ साली शिष्यवृत्ती मिळून ते मॉस्कोला गेले. आधी तिथली संगीतशाळा, मग १९६३पासून मॉस्को कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताचं महाविद्यालय. तिथे हाइनरिख नॉयहाउस भेटले. स्व्यातोस्लाव रिख्टर आणि एमिल गिलेल्स या नामवंत सोव्हिएत पियानोवादकांचे हे गुरू. नॉयहाउस १९६४मध्ये वारले, त्यामुळे सहवास थोडा. पुढचं शिक्षण त्यांच्या मुलाकडे, स्तानिस्लाव नॉयहाउस यांच्याकडे झालं. कॉन्झर्व्हेटरीतून बाहेर पडायला १९६९ साल उजाडलं. जरा मोजून पाहा. सहाव्या वर्षापासून तेवीस वर्षांचे होईपर्यंत शिक्षण चालूच होतं, आणि तिन्ही स्पर्धा त्या काळातल्या आहेत. ते विद्यार्थी म्हणून स्पर्धेला गेले आणि परत येऊन पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले.

स्पर्धांकडे येऊ. १९६६मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या फोर्ट वर्थची व्हॅन क्लायबर्न स्पर्धा, १९६७मध्ये बुखारेस्टची जॉर्जे एनेस्कू स्पर्धा, १९६९मध्ये इंग्लंडची लीड्स. तिन्हींत पहिला क्रमांक. क्लायबर्न जिंकणं म्हणजे पैशांसोबत कार्यक्रमांची मोठी मालिका पदरात पडणं. विशीतल्या मुलाला अमेरिकेत तयार करिअर ताटात वाढून दिलं होतं. लुपू मॉस्कोला परत गेले, शिकायला. या एका निर्णयावर मी माझ्या विद्यार्थ्यांशी फार बोलतो. जिंकल्या जिंकल्या पन्नास गावं फिरायला निघालेला वादक तेच दोन कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्रासोबतच्या रचना) आणि तोच एक रिसायटल (एकट्याचा कार्यक्रम) वाजवत राहतो. नवं बसवायला वेळ मिळत नाही. दोन सीझन संपले की लोक विचारतात, आणखी काय आहे? तेव्हा झोळीत काही नसतं. क्लायबर्न स्पर्धा दर चार वर्षांनी होते, लीड्स दर तीन वर्षांनी. म्हणजे तेवढ्या काळात नवा विजेता येऊन उभा राहतो आणि आधीच्याच्या तारखा आटू लागतात. दर वेळचे सगळे विजेते आठवून बघा, आज त्यांतली किती नावं सहज ओठांवर येतात?

लीड्सची गोष्टही पालकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १९६९च्या त्या स्पर्धेत लुपू अंतिम फेरीच्या बाहेर राहण्याच्या बेतात होते. फेरीतल्या जागा वाढवून पाच केल्या गेल्या, म्हणून ते आत आले, आणि मग ऑर्केस्ट्रासोबत बेटहोवेनचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवून तेच पहिले आले. म्हणजे परीक्षकांच्या गुणांच्या बेरजेत हा माणूस मागे पडत होता. असं का होतं, याचं उत्तर स्पर्धेच्या रचनेतच आहे. दहा-बारा परीक्षक एकेका फेरीला गुण देतात तेव्हा ज्याच्यावर कुणाचाच आक्षेप नाही असा वादक सुखरूप पुढे सरकतो. ज्याचं वादन तिघांना फार आवडलं आणि तिघांना पटलं नाही, तो सरासरीत खाली येतो. लुपू दुसऱ्या जातीचे होते. मुलगी एखाद्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत बाहेर पडली तर त्यावरून ती कशी वाजवते हे ठरवू नका.

आता हा व्यवसाय चालतो कसा ते सांगतो, कारण बाहेरच्यांना याची कल्पना नसते. मोठे ऑर्केस्ट्रा आणि सभागृहं आपले सीझन दोन-तीन वर्षं आधी आखतात. वादकाच्या बाजूने एजंट बोलतो आणि मानधनातला ठरलेला टक्का घेतो. प्रवास, मुक्काम, सराव हे सगळं बरेचदा त्याच मानधनातून भागवायचं. कुणाला बोलवायचं हे ठरवताना ऑर्केस्ट्राचं दिग्दर्शन करणाऱ्या कंडक्टरच्या शब्दाला फार वजन असतं. ऑर्केस्ट्राचे वादकही बोलतात. तालमीत एकलवादक कसा वागतो, ऐकतो की नुसतं स्वतःचं वाजवतो, ओबोचा सूर लांबला तर त्यासोबत थांबतो का, हे सगळं त्यांच्या लक्षात राहतं. प्रेक्षकाला टाळ्यांच्या वेळी जे कळतं, ते ऑर्केस्ट्रातल्या दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेला तालमीच्या पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं. पुन्हा बोलावणं तिथे ठरतं.

या कसोटीवर लुपूंची पहिली दहा वर्षं पाहा. १९६९च्या शेवटी लंडनमधलं पहिलं रिसायटल. पुढच्या वर्षीपासून डेक्का कंपनीसाठी रेकॉर्डिंग, आणि सुरुवात लीड्समध्ये वाजवलेल्या त्याच तिसऱ्या कॉन्चेर्टोने. १९७२मध्ये अमेरिकेत डॅनियल बारेनबॉइम यांच्या दिग्दर्शनाखाली क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रासोबत न्यूयॉर्कला, आणि कार्लो मारिया जुलिनींसोबत शिकागोला. १९७८मध्ये साल्झबर्ग महोत्सवात कंडक्टर कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक. आंद्रे प्रेव्हिनसोबत ग्रीग आणि शूमानचे कॉन्चेर्टो. ही सगळी माणसं स्वतः अव्वल दर्जाची आणि निवडीच्या बाबतीत काटेकोर. बेटहोवेनचे पाचही कॉन्चेर्टो लुपूंनी रेकॉर्ड केले ते १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इस्राएल फिलहार्मोनिकसोबत, आणि कंडक्टर होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. मराठी घरात ऐकायला सुरुवात करायची असेल तर हा संच हाताशी धरायला हरकत नाही. चौथ्या कॉन्चेर्टोची सुरुवात पियानो एकट्यानेच करतो, हळू आवाजात, आणि मग ऑर्केस्ट्रा वेगळ्याच पट्टीत उत्तर देतो. लुपूंचे ते पहिले पाच बार (मात्रांचे गट) ऐका. त्यांनी आवाज खाली नेल्यावर संपूर्ण ऑर्केस्ट्राला आपला आवाज त्याच पातळीवर शोधावा लागतो.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९७५मध्ये लंडनला आंद्रे चायकोव्स्की या पोलिश पियानोवादक-संगीतकाराच्या कॉन्चेर्टोचं पहिलं वादन लुपूंनी केलं. (प्रसिद्ध रशियन संगीतकाराशी याचा संबंध नाही, नाव सारखं आहे इतकंच.) रचना अवघड आणि नवी. असा कॉन्चेर्टो बसवायला महिने जातात आणि पुढे तो कुणी मागेलच असं नाही. तरी समकालीन मित्राच्या कामासाठी त्यांनी ती मेहनत घेतली. लुपू म्हणजे शूबर्ट आणि ब्राम्स एवढंच, असा समज पसरला आहे. कार्यक्रमांत ते यानाचेक, बार्टोक, दबुसी आणि आपले देशबंधू एनेस्कूही वाजवत.

आता मूळ मुद्दा, आवाजाचा. ब्राम्सचं ओपस ११७ घ्या, १८९२ साली लिहिलेले तीन इंटरमेझो, म्हणजे पियानोच्या छोट्या रचना. लुपूंचं हे रेकॉर्डिंग १९७०च्या दशकातलं आहे. पहिला इंटरमेझो ई फ्लॅट मेजरमध्ये, वर एका स्कॉटिश अंगाईच्या ओळी लिहिलेल्या. पानावर पाहिलं तर तंत्राच्या दृष्टीने कठीण काहीच दिसत नाही, सहाव्या ग्रेडचा मुलगाही सूर वाजवून दाखवेल. गोम अशी आहे की चाल मधल्या सुरांत लपलेली आहे. तिच्या वर आणि खाली तोच ई फ्लॅट, म्हणजे तिथला षड्ज, पुन्हा पुन्हा वाजत राहतो. उजव्या हाताची करंगळी वरच्या ई फ्लॅटवर पडते. आणि पियानोत सगळ्यात वरचा सूर आपोआप उठून दिसतो, शिवाय लहानपणापासून आपण मुलांना शिकवलेलं असतं की करंगळीने चाल वर काढा. इथे नेमकं उलटं हवं. करंगळी असून नसल्यासारखी आणि त्याच हाताची आतली बोटं गाती. एका हाताच्या पाच बोटांत वजनाच्या तीन पातळ्या, तेही अगदी हळू आवाजात. लुपूंच्या वादनात वरचा ई फ्लॅट ऐकू येतो, पण तो कुठून सुरू झाला ते कळत नाही. चाल मात्र कुणी शेजारी बसून गुणगुणावं तशी येते.

हे घडतं कसं, ते समजून घ्यायला पियानोच्या आत डोकवावं लागतं. बोटाखालची पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. ती खाली जाताना हातोडी उचलली जाते, आणि तारेला लागण्याच्या जरासं आधी यंत्रणा हातोडीला सोडून देते. त्या क्षणानंतर वादकाच्या हातात काही उरत नाही, हातोडी स्वतःच्या गतीने जाऊन तारेवर आदळते. म्हणजे सूर मोठा की लहान हे ठरतं ते सुटण्याच्या क्षणी हातोडीची जी गती असेल तिच्यावर. मोठा आवाज काढणं सोपं, तिथे गतीत थोडं कमीजास्त झालं तरी खपून जातं. अगदी हळू आवाजात गती इतकी कमी असते की जरा कमी पडली तर सूर निघतच नाही आणि जरा जास्त झाली तर डोकं वर काढतो. त्या अरुंद पट्ट्यात तीन वेगवेगळ्या पातळ्या धरून ठेवणं हे चौपट वेगाने सप्तकं वाजवण्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ कौशल्य आहे. मुझिचेस्कूंच्या वर्गात तासन्‌तास चालायचं ते हेच.

लुपूंची खुर्चीही याच कारणाने. पियानोवादक सहसा पाठ नसलेल्या बाकावर पुढे सरकून बसतात. लुपू ऑर्केस्ट्रातल्या वादकांसाठी असते तसली साधी पाठीची खुर्ची घेत आणि चक्क मागे रेलून वाजवत. पुष्कळांनी ती लकब समजली. पण स्वतः करून पाहा. मागे रेललं की धडाचं वजन हातांवर येत नाही, खांदे खाली पडतात, कोपर मोकळं होतं आणि बोटांच्या टोकांना पट्टीची ती सुटण्याची जागा जाणवू लागते. शिवाय कान वाद्यापासून थोडे लांब जातात, म्हणजे सभागृहात आवाज कसा पोचतोय याचा अंदाज चांगला येतो. माझ्या वर्गात हळू आवाजाच्या रचना बसवताना मी मुलांना काही दिवस असं बसवतो. लुपूंची नक्कल म्हणून सगळं तसंच वाजवायला मात्र देत नाही. प्रत्येकाच्या हाताची लांबी आणि पाठीची ठेवण वेगळी असते.

मुलाखती आणि रेकॉर्डिंग नाकारण्याबद्दल. लुपूंनी डेक्कासाठी साधारण वीसेक वर्षं भरपूर रेकॉर्ड केलं: शूबर्टच्या सोनाटा आणि इम्प्रॉम्प्ट्यू, ब्राम्स, शूमान, शिमोन गोल्डबर्गसोबत मोझार्टच्या व्हायोलिन सोनाटा, क्युंग-वा चुंगसोबत फ्रांक आणि दबुसी. मरे पराहियासोबत त्यांनी दोन पियानोंवर मोझार्टची सोनाटा आणि एका पियानोवर चार हातांनी शूबर्टची एफ मायनर फँटसी वाजवली, ते रेकॉर्डिंग एका दुसऱ्या कंपनीचं. १९९६मध्ये शूबर्टच्या दोन सोनाटांच्या तबकडीला ग्रॅमी मिळालं. आणि त्या दशकानंतर स्टुडिओचं दार बंद. मुलाखती त्याच्याही आधीपासून जवळपास थांबल्या होत्या.

यावर लोक दोन टोकाच्या गोष्टी बोलतात. कुणी म्हणतं हा साधुपुरुष, कुणी म्हणतं हा वेगळ्या प्रकारचा प्रचारच. मला दोन्ही पटत नाही. त्यांना मायक्रोफोनसमोर वाजवताना अवघडल्यासारखं होई, आणि एखादी रचना एकाच रूपात कायमची गोठवणं त्यांच्या वादनाच्या प्रकृतीला मानवत नव्हतं. म्हणून त्यांनी ते काम सोडलं. ते त्यांना परवडलं, कारण तोवर पंचवीस वर्षांची पुन्हापुन्हाची बोलावणी गाठीशी होती, डेक्काच्या तबकड्या जगभर पोचल्या होत्या आणि बारेनबॉइम, पराहिया, मित्सुको उचिदा यांच्यासारखे वादक स्वतः त्यांच्या कार्यक्रमांना जाऊन बसत. नकार हा त्या इमारतीचा वरचा मजला होता. पाया घालण्याआधी कुणी तो बांधायला जाऊ नये. त्या नकाराची किंमतही आपण श्रोत्यांनी मोजली. शेवटच्या वीस वर्षांतलं त्यांचं वादन आणखी साधं, आणखी खोल झालं होतं, आणि त्यातलं अधिकृतपणे ऐकायला मिळेल असं फार थोडं उरलं. याचं मला खरंच वाईट वाटतं. पुढे तब्येतीमुळे कार्यक्रम रद्द होऊ लागले, २०१९मध्ये ते निवृत्त झाले आणि १७ एप्रिल २०२२ रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला त्यांचं निधन झालं.

लुपू एकटेच अपवाद होते असं वाटू नये म्हणून त्यांच्याच देशातल्या आणखी दोघांबद्दल थोडं सांगतो. लिपाती १९३३च्या व्हिएन्नाच्या स्पर्धेत दुसरे आले. परीक्षकांत आल्फ्रेड कोर्तो होते. त्यांना हा निकाल इतका अन्यायाचा वाटला की त्यांनी परीक्षकपद सोडलं आणि मुलाला पॅरिसला आपल्याकडे शिकायला नेलं. दुसऱ्या क्रमांकाने लिपातींना जे मिळवून दिलं ते पहिल्या क्रमांकाने मिळालं असतं का, सांगता येत नाही. पुढे रक्ताशी संबंधित गंभीर आजाराने, हॉजकिन्सने, त्यांना गाठलं. १९५०च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या बझाँसाँला त्यांनी शेवटचं रिसायटल दिलं. शोपँचे चौदा वॉल्ट्झ ठरले होते, तेरा झाल्यावर अंगात त्राण उरलं नाही. डिसेंबरमध्ये ते गेले, वय तेहेतीस. त्यांची रेकॉर्डिंग मोजक्या सीडींत मावतात आणि आजही जगभरचे पियानो शिक्षक विद्यार्थ्यांना ती ऐकवतात.

क्लारा हास्किल यांची वाट आणखी वेगळी. जन्म १८९५, बुखारेस्ट. पंधराव्या वर्षी पॅरिस कॉन्झर्व्हेटरीचं पहिलं बक्षीस. मग पाठीच्या कण्याच्या आजारासाठी काही वर्षं प्लास्टरमध्ये, नंतर रंगमंचाची भीती, मग दुसरं महायुद्ध. ज्यू असल्यामुळे पॅरिस सोडून मार्सेयला, तिथे मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया, आणि शेवटी स्वित्झर्लंडमधलं व्हव्हे. जगाने त्यांना खरं डोक्यावर घेतलं तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. दहा वर्षं मिळाली. आर्थर ग्रुमियोसोबतच्या त्यांच्या मोझार्ट आणि बेटहोवेनच्या व्हायोलिन सोनाटा त्या दहा वर्षांतल्या. तिघांच्या वाटा इतक्या निराळ्या, पण तिघांनाही मायदेशाबाहेरच घर करावं लागलं हेही खरं. ऑर्केस्ट्रा, एजंट, रेकॉर्ड कंपन्या सगळ्या तिकडे होत्या. भारतातून जाणाऱ्या मुलीच्या बाबतीतही हा भाग बदललेला नाही. इथे राहून उत्तम शिक्षक होता येतं, चांगला वादक होता येतं, पण वर्षभर ऑर्केस्ट्रासोबत वाजवत पोट भरण्याइतके कार्यक्रम इथे नाहीत.

तर मुलीसाठी. आठवी ग्रेड ही शाबासकीची गोष्ट आहे, आणि कॉन्झर्व्हेटरीच्या दृष्टीने तिथून काम सुरू होतं. तीन रचना वर्षभर घोटून गुण मिळवण्याची सवय आता मोडायला हवी. पुढच्या दोन वर्षांत भरपूर वाचन करू द्या: हायडनच्या सोनाटा, बाखचे प्रेल्यूड आणि फ्यूग, शूबर्टचे छोटे तुकडे, आणि व्हायोलिन किंवा चेलो वाजवणाऱ्या मुलांसोबत संगत. लुपूंनी आयुष्यभर चेंबर संगीत वाजवलं. दुसऱ्याचा सूर ऐकत वाजवणं तिथेच शिकता येतं आणि, वर म्हटलं तसं, पुन्हा बोलावणं त्यावर ठरतं.

घरी डिजिटल पियानो असेल तर आठवड्यातून काही तास तरी खऱ्या ग्रँडवर मिळवा. हातोडी सुटण्याची ती जागा डिजिटल वाद्यात जेमतेम नकलेपुरती असते. बोटाला खरी ओळख खऱ्या वाद्यावरच होते. स्पर्धेला जरूर पाठवा, पण एक-दोन, आणि कारण स्पष्ट ठेवून: परक्या वाद्यावर, परक्या सभागृहात, अनोळखी माणसांसमोर वाजवायची सवय. आजच्या मोठ्या स्पर्धांना पहिली चाळणी व्हिडिओवरच होते, म्हणून चांगलं रेकॉर्डिंग करून ठेवणं गरजेचं आहे. या बाबतीत लुपूंचं अनुकरण अजिबात करू नका. मोठ्या स्पर्धांची वयोमर्यादा साधारण तिशीपर्यंत असते, म्हणजे घाई नाही. या वयात सगळ्यात जपून निवडायची गोष्ट म्हणजे शिक्षक. कॉलेजच्या नावापेक्षा ज्यांच्याकडे शिकायचं त्यांचे विद्यार्थी दहा वर्षांनंतर कसे वाजवतात ते शोधून ऐका.

आणि तिला लुपू ऐकवा, पण ओझरते नाही. शूबर्टची बी फ्लॅट मेजर सोनाटा, डी ९६०, पहिलं पान. शांत चाल सुरू होते, आणि आठव्या बारमध्ये डाव्या हाताला खाली जी फ्लॅटवर एक ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची झरझर अदलाबदल) येते, तीही अगदी हळू आवाजात. आधी तिला ते पान वाचून वाजवू द्या, ट्रिलसकट, आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग लुपूंचं लावा. ट्रिलच्या आधी ते किती थांबतात, ट्रिल संपल्यावर पुन्हा चाल कुठल्या आवाजात सुरू करतात, आणि मधल्या शांततेत पेडल कुठे उचलतात, एवढंच पेन्सिलने पानावर लिहायला सांगा. मग पुन्हा वाजवून रेकॉर्ड करायला सांगा, आणि ती दोन्ही रेकॉर्डिंग घेऊन तिच्या शिक्षकांकडे जा.